तारापूरचं कुंपण, गेटवरचा बंब आणि बोईसरचं घर

प्रश्न असा आलाय: “आम्ही बोईसरला राहतो. घरात आई, बायको आणि दोन लहान मुलं. ७ मे २०२५च्या मॉक ड्रिलच्या यादीत मुंबई आणि उरणबरोबर तारापूरचं नाव पहिल्या गटात होतं, तेव्हापासून डोक्यात घोळतंय. तारापूरच्या अणुवीज केंद्रावर अतिरेक्यांचा किंवा ड्रोनचा हल्ला झाला तर काय होईल? त्याची तयारी कोण करतं? आणि आयोडीनच्या गोळ्या आत्ताच आणून ठेवू का?”

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: गोळ्या आणून ठेवू नका. कारण पुढे येईल.

माझी नोकरीची तीसेक वर्षं अणुवीज केंद्रांच्या हेल्थ फिजिक्स विभागात (किरणोत्सार मोजून माणसांना त्यापासून जपणारा विभाग) आणि नंतर आपत्कालीन नियोजनात गेली. कुंपणावर किती जवान आणि कॅमेरे कुठे, हे मी लिहिणार नाही. ते कळून तुम्हाला उपयोगही नाही. पण हल्ल्याच्या दिवशी खरी परीक्षा कुठे होते, ते मोकळेपणानं सांगता येतं.

आधी एक भीती बाजूला काढू. अणुभट्टीचा अणुबॉम्ब होत नाही. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्या तर नैसर्गिक युरेनियमवर चालतात. त्या इंधनाचा बॉम्बसारखा स्फोट होऊच शकत नाही. भट्टी बंद करणंही अवघड नाही, काही सेकंदांत होतं. अडचण त्यानंतरची. चूल विझली तरी निखारे धगधगत राहतात, तसं आतलं इंधन तापत राहतं. ५४० मेगावॉटची भट्टी बंद केली त्या क्षणी तिच्यात शंभरेक मेगावॉट उष्णता शिल्लक असते. तासाभरात ती पाव हिश्श्यावर येते, पण दिवस उलटला तरी आठ-दहा मेगावॉट उरतेच. ती पाण्यानं काढत राहायची, आठवडेच्या आठवडे. पाणी फिरवायला पंप, पंपांना वीज, वीज गेली तर डिझेल जनरेटर, आणि हे सगळं चालवायला शुद्धीवर असलेली, घाबरून न गेलेली माणसं. ११ मार्च २०११ला फुकुशिमातल्या चालू भट्ट्या भूकंपाचा धक्का बसताच बंद झाल्या होत्या. त्सुनामीनं जनरेटर बुडवले, आणि मग इंधन वितळलं. म्हणून संरक्षणाचा विचार करणारे लोक भट्टीभोवतीच्या जाड काँक्रीटची काळजी कमी करतात. वीज, पाणी आणि कंट्रोल रूमची जास्त.

याचा आपल्या देशातला धडा फुकुशिमाच्या कितीतरी आधीचा आहे. उत्तर प्रदेशात नरोरा इथे ३१ मार्च १९९३च्या पहाटे साडेतीनच्या सुमारास टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला आणि आग केबलींच्या वाटेनं पसरली. जनरेटर होते, पण त्यांची वीज वाहून नेणाऱ्या केबलीच जळाल्या. कंट्रोल रूम धुरानं भरली, लोकांना बाहेर पडावं लागलं. भट्टी मिनिटभराच्या आत बंद केलेली होती. त्यापुढे सुमारे १७ तास केंद्र विजेविना होतं. ऑपरेटर बॅटऱ्या घेऊन अंधारात वर चढले आणि भट्टी पुन्हा सुरू होऊ नये म्हणून बोरॉनचं द्रावण तिच्यात सोडणारे व्हॉल्व्ह हातानं उघडले. आग विझवायच्या डिझेल पंपांचं पाणी बॉयलरना दिलं. किरणोत्सार बाहेर आला नाही. हा घातपात नव्हता, अपघात होता. तरी मी शिकवायला उभा राहिलो की नरोरापासूनच सुरुवात करायचो. मुख्य केबल आणि पर्यायी केबल एकाच खाचेतून गेली असेल तर तो पर्याय फक्त कागदावर असतो. अपघाताला ती खाच योगायोगानं सापडते, हल्लेखोर ती शोधत येतो.

अपघात आणि हल्ला यांतला फरक इथेच आहे. अपघाताला डोकं नसतं. पंप बिघडला तर तुम्ही दुसरा लावता, आणि पहिला पंप काही तुमच्यावर डाव टाकत नाही. हल्ल्यात समोरचा माणूस तुमच्या योजनेचा फायदा घ्यायला बघत असतो. आग लागली की दारं उघडायची, लोकांना मोकळ्या जागी जमवायचं, बाहेरून बंब आणि अँब्युलन्स आत घ्यायच्या, हे सुरक्षिततेचं शास्त्र झालं. गोळीबार झाला की दारं लावायची, माणसं आहेत तिथे थांबवायची, कोणालाही आत घ्यायचं नाही, हे संरक्षणाचं. दोन्ही बरोबर आहेत. घोळ होतो तो दोन्ही एकाच वेळी करायची पाळी येते तेव्हा.

एका केंद्रावरचा सराव सांगतो. प्रसंग असा रचला होता: कुंपणाच्या एका कोपऱ्यात शस्त्रं घेतलेली चार माणसं दिसली आणि त्याच सुमाराला गोदामाच्या शेडला आग लागली. सायरन झाला. लाउडस्पीकरवरून घोषणा आली, “सर्वांनी आपापल्या असेंब्ली एरियात जमावे.” पाचसात मिनिटांनी दुसऱ्या आवाजात दुसरी घोषणा, “कोणीही जागा सोडू नये.” पहिली शिफ्ट चार्ज इंजिनिअरच्या टेबलावरून निघाली होती, दुसरी संरक्षण नियंत्रण कक्षातून. तोवर पन्नास-साठ कंत्राटी कामगार रस्त्याच्या मधोमध पोचले होते. हातात हेल्मेट, काहींच्या हातात जेवणाचे डबे. पुढे जावं की मागे, कळेना. मी निरीक्षक म्हणून पांढरी पट्टी बांधून कडेला उभा होतो. खरा गोळीबार असता तर ती सगळी माणसं उघड्यावर होती. इकडे शेजारच्या कारखान्यातून मागवलेला बंब गेटवर उभा. ड्रायव्हर नेहमीचा नव्हता, बदली आला होता, त्याचं नाव यादीत नाही. गेटवरचा जवान त्याला आत सोडेना, आणि त्याचं बरोबरच होतं. हल्लेखोर बंबातूनही आत शिरू शकतात. वाद घालण्यात बावीस मिनिटं गेली. कागदावर ती शेड तोवर जळून खाक झाली होती.

त्या दिवशी जवानांची कामगिरी उत्तम होती आणि ऑपरेटरांचीही. बोंबललं ते दोघांच्या मधल्या जागेत. पुढच्या दोन वर्षांत आम्ही नवं यंत्र एकही घेतलं नाही. घोषणा एकाच ठिकाणाहून होईल, तिचा मजकूर मराठी आणि हिंदीत आधी लिहिलेला असेल, संरक्षणाचा अधिकारी आणि केंद्राचा अधिकारी हल्ल्याच्या वेळी एकाच टेबलाशी बसतील, बाहेरच्या बंबाला आणि अँब्युलन्सला गेटपासून सोबत करणारी तुकडी आधी ठरलेली असेल, असं बसवत गेलो. कामगारांसाठी तिसरी सूचना आणली: जवळच्या पक्क्या इमारतीत शिरा, दार लावा, तिथेच हजेरी द्या. ऐकायला फुटकळ वाटेल. पण एवढं बसवायला आमच्या पाच बैठका गेल्या, कारण गेटचा हुकूम कोणाचा चालणार हा मानाचा प्रश्न होऊन बसला होता.

आता तयारी कोण करतं ते सांगतो. केंद्राचं सशस्त्र संरक्षण सीआयएसएफकडे, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आहे. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून आहे; आपत्कालीन योजनेची त्याची मंजुरी असल्याशिवाय केंद्र चालत नाही. आणीबाणीचे तीन टप्पे असतात. परिणाम केंद्राच्या एखाद्या भागापुरता असेल तर प्लांट आणीबाणी, आवाराच्या आत राहणारा असेल तर साइट आणीबाणी, आणि आवाराबाहेर लोकांपर्यंत जाणारा असेल तर ऑफसाइट आणीबाणी. पहिल्या दोन टप्प्यांत निर्णय केंद्राचा. तिसऱ्यात सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत पालघरच्या. अणुऊर्जा विभागाचा मुंबईतला संकट व्यवस्थापन गट त्यांना तांत्रिक सल्ला देतो, पुण्याजवळ सुदुंबऱ्याला असलेली एनडीआरएफची पाचवी बटालियन किरणोत्सारी आपत्तीचंही प्रशिक्षण घेतलेली आहे. केंद्राभोवती १६ किलोमीटरचा नियोजन पट्टा धरतात आणि बोईसर त्यात येतं. ऑफसाइट सराव साधारण दोन वर्षांतून एकदा होतो. माझ्या मते हे फार विरळ आहे. दोन वर्षांत तहसीलदार बदलतो, पोलीस निरीक्षक बदलतो, रुग्णालयातला डॉक्टरही बदलतो, आणि प्रत्येक नवा माणूस ती जाड फाइल पहिल्यांदा सरावाच्या आदल्या रात्री उघडतो.

डॉक्टरवरून आठवलं. एका सरावात “गोळी लागलेला आणि अंगावर किरणोत्सारी धूळ असलेला” खोटा रुग्ण रुग्णालयात नेला. तिथल्या तरुण डॉक्टरनं हात लावायला नकार दिला. आधी मोजमाप करा, मग बघतो, म्हणाला. त्याला कोणी शिकवलेलंच नव्हतं की आधी रक्त थांबवायचं. अंगावरच्या धुळीनं डॉक्टरला होणारा धोका बहुतेक वेळा फार थोडा असतो, आणि वरचे कपडे काढले की त्या धुळीचा मोठा हिस्सा निघून जातो. मात्र ते कपडे फेकायचे नाहीत. पिशवीत बंद करून चिठ्ठी लावून ठेवायचे, कारण हल्ल्यात तो पुरावाही असतो. आमचे हेल्थ फिजिक्सवाले धुवायला उतावीळ, पोलीस जपायला. दोन खात्यांमधला हा आणखी एक कच्चा सांधा.

तुमच्या प्रश्नात अतिरेकी आणि ड्रोन आहेत. मला त्याहून जास्त झोप उडवणारा माणूस गेटमधून रोज कार्ड दाखवून आत येतो. २००९च्या नोव्हेंबरात कर्नाटकातल्या कैगा केंद्रात पन्नासच्या आसपास कामगारांच्या लघवीच्या तपासणीत ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, जास्त आढळलं. शोध घेतला तर पिण्याच्या पाण्याच्या एका कूलरमध्ये कोणीतरी भट्टीत वापरतात ते ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळलेलं. म्हणजे कुंपण, जवान, कॅमेरे हे सगळं ओलांडायची गरजच पडली नव्हती. घातपात पकडला कोणी? नेहमीच्या, कंटाळवाण्या लघवी तपासणीनं. बेल्जियमच्या डूल केंद्रात ऑगस्ट २०१४मध्ये कोणीतरी व्हॉल्व्ह उघडून चौथ्या युनिटच्या टर्बाइनचं ६५,००० लिटर वंगण तेल वाहू दिलं. टर्बाइन नादुरुस्त झालं, युनिट चारेक महिने बंद राहिलं, आणि करणारा आजवर उघड झालेला नाही. त्यानंतर तिथे महत्त्वाच्या जागी एकट्यानं जायला बंदी आली. दोन माणसांचा हा नियम मला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात नावडता उपाय वाटतो. लोकांना तो अविश्वासाचा वाटतो. दुरुस्तीसाठी भट्टी बंद ठेवतात त्या शटडाउनच्या काळात शेकड्यांनी तात्पुरते पास निघतात तेव्हा तोच नियम पहिला सैल होतो.

संगणकाचं थोडक्यात: २०१९मध्ये तमिळनाडूतल्या कुडनकुळम केंद्रात मालवेअर सापडलं ते कार्यालयीन कामाच्या, इंटरनेटला जोडलेल्या संगणकात. भट्टी चालवणारी यंत्रणा त्यापासून वेगळी असते. तेवढ्यानं निर्धास्त होऊ नये, कारण कर्मचाऱ्यांची यादी, नकाशे, दुरुस्तीची वेळापत्रकं हे सगळं कार्यालयीन संगणकातच असतं.

आणि उघड युद्ध? भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार ३१ डिसेंबर १९८८ला केला, आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला दोघे आपापल्या केंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलनंतर दिल्या, मुंबईवरच्या हल्ल्यानंतरही दिल्या. मी या कागदाला कमी लेखत नाही. पण कागद पुरतो असं समजायचं नाही, हे युक्रेननं दाखवलं. झापोरिझ्झियाच्या सहा भट्ट्यांच्या केंद्रात ४ मार्च २०२२ला लढाई झाली, प्रशिक्षण इमारत पेटली, केंद्र रशियन सैन्याच्या ताब्यात गेलं. भट्ट्यांच्या इमारती शाबूत राहिल्या. पुढची वर्षं झगडा चाललाय तो विजेच्या तारांसाठी आणि पाण्यासाठी. बाहेरची वीज दहाहून जास्त वेळा पूर्ण गेली, २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तर जवळजवळ महिनाभर. जून २०२३मध्ये काखोव्का धरण फुटलं आणि थंड करायच्या पाण्यासाठी विहिरी खणाव्या लागल्या. आणि बंदुकीच्या धाकाखाली शिफ्टला बसणारे ऑपरेटर. आपल्या सरावांत डिझेलचा साठा किती दिवस पुरेल हे विचारतात. चार रात्री न झोपलेल्या ऑपरेटरला बदली कुठून येणार, त्याची बायकापोरं कुठे ठेवलीत, हे फार थोडे विचारतात. घरची खबर नसलेला माणूस पॅनेलवर नीट बसू शकत नाही.

आता तुमचं घर. हल्ला झाला, अगदी काही नुकसानही झालं, तरी किरणोत्सार मिनिटांत बोईसरला पोचेल असं होत नाही. फुकुशिमात त्सुनामीपासून पहिल्या स्फोटापर्यंत जवळजवळ चोवीस तास गेले होते. म्हणून तुमचं पहिलं काम पळणं नाही, आत जाणं आहे. मुलांना घेऊन पक्क्या घरात, खिडक्या-दारं बंद, पंखे-एसी बंद, पाण्याच्या टाकीला आणि विहिरीला झाकण. तुमच्याकडे चिंचणी-दांडीच्या बाजूला बोंबील वाळत घातलेले असतात; ते आत घ्या किंवा ताडपत्रीखाली घाला. गुरं गोठ्यात, वैरण झाकलेली. पुढचा निरोप येईपर्यंत स्थानिक दूध मुलांना द्यायचं नाही, हे आईला खास बजावून ठेवा, कारण आजीचा पहिला उपाय गरम दूध हाच असतो. किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडतं, गाईच्या पोटातून दुधात उतरतं आणि लहान मुलाच्या थायरॉइडमध्ये साठतं. चेर्नोबिलच्या अणुअपघातानंतर मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला तो मोठ्या प्रमाणात या वाटेनं. पावडरचं दूध चालेल. आधी भरून ठेवलेलं पाणी चालेल.

वाऱ्याकडे लक्ष ठेवा. पावसाळ्यात समुद्राकडून येणारा वारा केंद्रावरून थेट तुमच्या दिशेनं येतो. बाकीच्या महिन्यांत दुपारी खारे वारे आत येतात आणि रात्री मतलई वारे समुद्राकडे जातात. चिंचणीच्या कोळ्याला हे कोणी सांगावं लागत नाही. जिल्ह्याच्या योजनेत मात्र हे तक्त्यात घालून ठेवावं लागतं, कारण कोणत्या गावाला आधी हलवायचं हे त्यावर ठरतं. सगळ्यांनी एकदम निघायचं नसतं. बोईसरचा स्टेशन रोड संध्याकाळी सहाला कसा असतो ते तुम्ही जाणता. त्यात एमआयडीसीतल्या रसायनांच्या टँकरची भर. फुकुशिमा प्रांतात स्थलांतराच्या हालअपेष्टांनी आणि त्यानंतरच्या आजारपणांनी दोन हजारांहून जास्त माणसं गेली, बहुतेक म्हातारी. त्यात रुग्णालयातून घाईघाईनं बसमध्ये घातलेले, वाटेतच दगावलेले रुग्णही होते. म्हणून आईची औषधं, चष्मा, आधार कार्डांच्या प्रती आणि बॅटरीवर चालणारा रेडिओ एका पिशवीत असू द्या. पुरासाठी किंवा एमआयडीसीतल्या वायुगळतीसाठी हीच पिशवी उपयोगी. खरं सांगायचं तर वायुगळतीची शक्यता अणुकेंद्रावरच्या हल्ल्याहून कितीतरी जास्त आहे.

गोळ्यांचं कारण आता. पोटॅशियम आयोडाइडची गोळी फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून, फक्त थायरॉइड वाचवते. सीझियमसारख्या दुसऱ्या किरणोत्सारी द्रव्यांवर तिचा काही उपयोग नाही, बाहेरून येणाऱ्या किरणांवरही नाही. ती घ्यायची वेळ म्हणजे किरणोत्सार पोचायच्या थोडं आधी किंवा पोचल्यावर पहिल्या काही तासांत. फार आधी घेतली तर वाया जाते, फार उशिरा घेतली तर निरर्थक. मोठ्या माणसाची मात्रा १३० मिलिग्रॅम, तीन ते बारा वर्षांच्या मुलाची ६५, त्याहून लहानांची आणखी कमी. चाळिशीच्या पुढे फायदा घटतो, आणि आईंना थायरॉइडचा त्रास असेल तर उपद्रव व्हायची शक्यता वाढते. घरी ठेवलेली गोळी माणसं पहिल्या अफवेला खातात. गरज पडली तर गोळ्या वाटायची आणि केव्हा घ्यायची ते सांगायची जबाबदारी जिल्हा प्रशासनाची आहे. साठा त्यासाठीच ठेवतात. आणि जखमेवर लावायचं टिंक्चर आयोडीन कोणी प्यायला सांगितलं तर त्याचा नंबर ब्लॉक करा. मिठातल्या आयोडीननंही काही होत नाही.

अफवांचं म्हणाल तर मे २०२५मध्ये पाकिस्तानातल्या किराणा टेकड्यांमधून किरणोत्सार गळल्याच्या बातम्या मराठी ग्रुपांवरही दोन-तीन दिवस फिरत होत्या. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं तशी गळती झालेली नाही असं स्पष्ट केलं. गंमत म्हणजे किरणोत्सार लपवणं जवळजवळ अशक्य आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राची मोजणी केंद्रं देशभर चोवीस तास नोंद घेत असतात, आणि शेजारी देशांचीही तशीच असतात. चेर्नोबिल सोव्हिएत सरकारनं सांगायच्या आधी स्वीडनमधल्या एका अणुकेंद्रावर कामगाराच्या बुटांवरून कळलं होतं.

माझी तक्रार आहे ती वेगळीच. जवान कुठे उभे राहतात हे गुपित असलंच पाहिजे. पण अक्करपट्टी, घिवली, पोफरणच्या माणसानं सायरन वाजल्यावर काय करायचं, हे कशाला गुपित? आमच्या खात्यात दोन्ही गोष्टी एकाच कपाटात ठेवायची सवय होती. मीही त्यात सामील होतो; गावच्या सभेत प्रश्न आला की “काळजी करू नका, सगळी व्यवस्था आहे” असं मीही म्हटलेलं आहे. तेव्हा तुम्ही ग्रामपंचायतीत किंवा तहसील कार्यालयात जाऊन चार गोष्टी विचारा: आमच्या वॉर्डाचा निवारा कुठला, बस कुठे उभी राहणार, घोषणा कोण करणार आणि कोणत्या भाषेत, आणि अणुकेंद्राचा सायरन एमआयडीसीच्या भोंग्याहून वेगळा कसा ओळखायचा. शेवटच्या प्रश्नाला तिथला माणूस अडखळला तर अर्ज लेखी द्या, आणि पोच घ्या.